इंग्रजी वाक्यात कोण कुठे बसतं?

एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागच्या बाजूला, मोबाइलवर दोन व्हिडिओंच्या मध्ये एक जाहिरात हमखास दिसते: महिनाभरात फाडफाड इंग्रजी. इतकी वर्षं ती टिकून आहे, म्हणजे तिला गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलाने किंवा मुलीने दहावीपर्यंत दहा वर्षं हा विषय घेतलेला असतो. काळांचा बारा घरांचा तक्ता पाठ असतो, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करता येतं. आणि बँकेला चार ओळींचा अर्ज लिहायचा म्हटलं की पहिल्याच वाक्याला पेन थांबतं.

ही मुलं ढ नसतात. नियम त्यांनी मन लावून घोकलेले असतात. ते नियम ज्या पायावर उभे आहेत, तो मात्र बहुतेकांना कुणी दाखवलेला नसतो. मराठीत शब्दाचं काम त्याच्या प्रत्ययावरून कळतं, इंग्रजीत ते त्याच्या जागेवरून कळतं. एवढं पक्कं झालं की निम्म्याहून जास्त व्याकरण आपोआप जागेवर बसतं, असं माझं मत आहे. बाकीचं सवयीने येतं.

## बिल्ला आणि खुर्ची

‘वाघाने शेळीला पाहिलं.’ आता शब्द हलवू. ‘शेळीला वाघाने पाहिलं.’ ‘पाहिलं वाघाने शेळीला.’ जोर बदलला, पण बघणारा वाघच राहिला आणि दिसली ती शेळीच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले आहेत. शब्द कुठेही गेला तरी प्रत्यय त्याच्याबरोबर जातो.

इंग्रजीत हेच वाक्य ‘द टायगर सॉ द गोट’ असं होतं. त्यातले प्राणी बदलून ‘द गोट सॉ द टायगर’ म्हटलं, की आता शेळीने वाघ पाहिला. एकही अक्षर वाढलं नाही, कमी झालं नाही, आणि गोष्ट उलटी झाली.

ग्रामपंचायतीच्या सभेची कल्पना करा. एका गावात सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक सगळ्यांच्या छातीवर बिल्ला आहे. ते कुठेही बसले तरी कोण कोण आहे ते कळतं. दुसऱ्या गावात बिल्लेच नाहीत, पण खुर्च्या ठरलेल्या आहेत. मधल्या खुर्चीत जो बसेल तो सरपंच. मराठी हे पहिलं गाव, इंग्रजी दुसरं.

इंग्रजी वाक्यातल्या मुख्य खुर्च्या तीन. पहिल्या खुर्चीत कर्ता, म्हणजे क्रिया करणारा. दुसरीत क्रियापद, म्हणजे क्रिया सांगणारा शब्द. तिसरीत कर्म, म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडते तो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्ये येऊन बसतं. ‘मी चहा पितो’ हे ‘आय ड्रिंक टी’ होतं.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना प्रत्यय लागत आणि शब्दांना बरंच स्वातंत्र्य होतं. नवव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक वस्तीला आले. त्यांच्या आणि इंग्रजांच्या भाषेत मूळ शब्द सारखे, पण प्रत्यय वेगळे. बोलताना प्रत्यय खाल्ले जाऊ लागले. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि इंग्रजीला लिखाणाच्या नियमांचा धाक उरला नाही. शब्दांचे शेवट झिजत गेले आणि ते काम जागेकडे आलं. जुन्या बिल्ल्यांतले थोडे सर्वनामांवर अजून शिल्लक आहेत: ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’, ‘दे’ आणि ‘देम’. म्हणून ‘हिम सॉ आय’ म्हणता येत नाही. तिथे जागा आणि रूप दोन्ही बघावं लागतं.

याच गोष्टीतून पॅसिव्हचं कोडंही सुटतं. शाळेत ते दोन गुणांसाठी फिरवायचं वाक्य असतं, ते कशाला आहे हे कुणी विचारत नाही. आपल्याला शेळीबद्दल बोलायचं असेल तर आपण ‘शेळीला’ हा शब्द उचलून पुढे ठेवतो, काम झालं. इंग्रजीत शेळी नुसती पुढे आणली तर तीच बघणारी ठरते. म्हणून क्रियापदाचं रूप बदलून जाहीर करावं लागतं, की पहिल्या खुर्चीत बसलेली ही करणारी नव्हे: ‘द गोट वॉज सीन बाय द टायगर.’ दोन्ही भाषांचं काम तेच, फक्त इंग्रजीला त्यासाठी जास्त खटपट करावी लागते.

## पहिली खुर्ची रिकामी राहत नाही

‘कधी आलास?’ हे दोन शब्दांचं वाक्य पाहा. कोण आलं ते यात कुठेही लिहिलेलं नाही. तरी समोरची व्यक्ती एकटी आहे, पुरुष आहे आणि बोलणाऱ्याच्या जवळची आहे, एवढं सगळं ‘आलास’मध्ये भरलेलं आहे. म्हणून मराठीत ‘तू’ गाळला तरी चालतो. इंग्रजीत ‘केम’मध्ये यातलं काहीच नाही. मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही, ते, सगळ्यांना एकच ‘केम’. तेव्हा कर्ता तोंडाने सांगावाच लागतो.

ही सक्ती इतकी कडक आहे की जिथे करणारा कुणीच नाही तिथेही खुर्चीत कुणाला तरी बसवावं लागतं. ‘उकडतंय.’ कोण उकडतंय? आपल्याला हा प्रश्न पडत नाही. इंग्रजी मात्र ‘इट इज हॉट’ म्हणते. पाऊस पडला तरी ‘इट इज रेनिंग’, आठ वाजले तरी ‘इट इज एट ओक्लॉक’. त्या ‘इट’ला अर्थ शोधत बसू नका, तो नुसता जागा धरून बसलेला आहे. ‘गावात दोन विहिरी आहेत’ यासाठी ‘देअर आर टू वेल्स इन द व्हिलेज’. इथे ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा नाही, तोही जागा धरणाराच.

मराठी माणसाची खरी पंचाईत ‘मला’ने होते. मला भूक लागली, मला राग आला, मला आठवतं, मला आवडतं, मला दोन बहिणी आहेत, मला ताप आहे. आपल्याकडे माणसाला या गोष्टी होतात. तो करत काही नाही. भूकच लागते आणि रागच येतो. इंग्रजीत मात्र माणूस उठून पहिल्या खुर्चीत जाऊन बसतो: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय गॉट अँग्री’, ‘आय रिमेंबर’, ‘आय लाइक इट’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘आय हॅव अ फीव्हर’. मनात ‘मला’ने सुरू होणारं वाक्य आलं की बहुतेक वेळा ‘आय’ने सुरुवात करायची. हा एक धडा आठवडाभर घोटला, तर तक्ते पाठ करण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

बदल्यात इंग्रजी बरीच सवलतही देते. मराठीत मी आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद खाण्याच्या जिनसेप्रमाणे फिरतं. इंग्रजीत तिन्हीला ‘एट’. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर, चांगल्या गोष्टी. इंग्रजीत सगळीकडे ‘गुड’. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा वाद तिथे नाहीच. परदेशी माणूस मराठी शिकायला बसतो तेव्हा तो कुठल्या डोंगराला भिडतो, हे आठवलं तर आपल्याला थोडा धीर येईल.

प्रत्ययांच्या या सगळ्या पसाऱ्यातून वर्तमानकाळात एकच उरला आहे: तो, ती किंवा एकवचनी ते असेल तर क्रियापदाला ‘स’. ‘आय वर्क’, ‘दे वर्क’, पण ‘शी वर्क्स’. इथे एक खास मराठी चूक होते. आपण ‘बाबा आले आहेत’ असं आदराने अनेकवचन वापरतो, म्हणून ‘माय फादर हॅव कम’ असं तोंडातून जातं. इंग्रजीत वडील कितीही आदरणीय असले तरी एकच: ‘माय फादर हॅज कम.’

## प्रश्न विचारताना ‘डू’ कुठून येतो?

मराठीत प्रश्न करणं सोपं आहे. विधान जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी ‘का’ जोडायचा. इंग्रजीत प्रश्न म्हणजे खुर्च्यांची अदलाबदल. ‘यू आर रेडी’ हे विधान, ‘आर यू रेडी?’ हा प्रश्न. ‘शी कॅन स्विम’चं ‘कॅन शी स्विम?’

पण जागा सोडून पुढे येण्याची मुभा सगळ्या क्रियापदांना नाही. ती फक्त सहायक क्रियापदांना आहे, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणाऱ्या ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅव’ यांसारख्या शब्दांना, आणि त्यांच्याबरोबर ‘अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर’ या घराण्याला. ‘यू ड्रिंक टी’ या वाक्यात सहायक कुणी नाही. मग पुढे कोण येणार? त्यासाठी ‘डू’ बाहेरून आणतात: ‘डू यू ड्रिंक टी?’ नकारालाही तोच: ‘आय डू नॉट ड्रिंक टी.’ शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या आसपास, ‘डू’ घेऊन आणि न घेता दोन्ही पद्धतींनी प्रश्न विचारत. नंतर ‘डू’ची पद्धत पक्की झाली.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘डिड यू वेन्ट?’ आणि ‘डज शी वर्क्स?’ काळ आणि ‘स’ यांची खूण वाक्यात एकदाच करायची असते, आणि सहायक आला की ती खूण तो घेतो. ‘डू’चा ‘डिड’ झाला तेव्हाच भूतकाळ झाला. मागचं क्रियापद मुळात जसं आहे तसं राहतं. ‘डिड यू गो?’ ‘डज शी वर्क?’ नकारातही ‘शी डजन्ट वर्क’.

‘आय अ‍ॅम गो’ ही चूकही याच घरातली. ‘मी जातो आहे’मधलं ‘आहे’ म्हणजे ‘अ‍ॅम’ हे बरोबर, पण मग क्रियापद ‘गोइंग’ हवं. आणि ‘मी सहमत आहे’ म्हणून ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ होत नाही, कारण ‘अ‍ॅग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे. ‘आय अ‍ॅग्री’ एवढंच पुरे.

एक बारकावा. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की खुर्च्या पुन्हा मूळ जागी येतात. ‘व्हेअर इज ही?’ हा प्रश्न, पण ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ मोठमोठ्या कंपन्यांतल्या ईमेलमध्येही हे उलटं लिहिलेलं दिसतं.

## बारा काळ की दोन?

शाळेतला तक्ता खोटा नाही. तीन काळ आणि प्रत्येकाच्या चार अवस्था, असा तो बाराचा हिशेब आहे. पण तो पाहून घाबरायचं कारण नाही. इंग्रजी क्रियापदाची काळ दाखवणारी स्वतःची रूपं दोनच आहेत: ‘गो’ आणि ‘वेन्ट’. भविष्य ‘विल’ लावून होतं. बाकीचं सगळं ‘बी’ आणि ‘हॅव’ या दोन मदतनिसांच्या जोरावर चालतं.

त्यातलं अर्धं आपल्याला मराठीतून आधीच येतं. ‘मी चहा पितो’ ही सवय, ‘मी चहा पितोय’ हे आत्ता चाललेलं. ‘आय ड्रिंक टी’ आणि ‘आय अ‍ॅम ड्रिंकिंग टी’ यांत नेमका हाच फरक आहे. फक्त मनाच्या आणि मालकीच्या क्रियांना इंग्रजी सहसा ‘इंग’ लावत नाही. ‘मला समजतंय’ला ‘आय अंडरस्टँड’, आणि दोन मुलं असली तर ‘आय हॅव टू चिल्ड्रन’. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन’ ऐकल्यावर इंग्लंडमधला माणूस जुळं होणार म्हणून अभिनंदन करेल.

अडचण ‘हॅव’ची आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. ‘मी जेवलोय’ म्हणजे जेवण झालं आणि त्याचा परिणाम आत्ता आहे, पोट भरलेलं आहे. यासाठी ‘आय हॅव ईटन’. पण मराठीत ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ असंही आपण सहज बोलतो. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ गेला. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन २०१९’ असा संपलेला वेळ सांगितला की साधा भूतकाळच: ‘आय सॉ हिम यस्टरडे.’ वेळ सांगायचा नसेल, किंवा तो अजून चालू असेल, तर ‘हॅव’ चालतो.

दुसरी अडचण ‘पासून’ची. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतोय’ हे मराठीत वर्तमान आहे, म्हणून आपण ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतो. यात दोन गोष्टी चुकतात. तेव्हा सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला इंग्रजी ‘हॅव बीन’ लावते. आणि आपल्या एका ‘पासून’साठी तिच्याकडे दोन शब्द आहेत: कधी सुरू झालं तो क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’, आणि ‘सिन्स २०१५’.

## अ, अ‍ॅन, द: किती डोकं खपवायचं?

मराठीत असे शब्दच नाहीत. हिंदीत नाहीत, रशियनमध्येही नाहीत, म्हणून रशियन माणूसही इंग्रजी बोलताना आपल्यासारखाच इथे अडखळतो. तेव्हा हे शेवटी येणार हे गृहीत धरा आणि त्यासाठी बोलणं अडवू नका.

मुख्य प्रश्न एकच असतो: ऐकणाऱ्याला कुठली वस्तू ते माहीत आहे का? माहीत नसेल आणि वस्तू एक असेल तर ‘अ’, माहीत असेल तर ‘द’. ‘आय बॉट अ सायकल’ म्हणजे एक सायकल घेतली, तुम्हाला ती ठाऊक नाही. पुढच्या वाक्यात ‘द सायकल इज रेड’, कारण आता कुठली ते कळलं. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ कानावर ठरतात, स्पेलिंगवर ठरत नाहीत. ‘अ‍ॅन अवर’, कारण उच्चार स्वराने सुरू होतो, ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण उच्चार ‘य’ने सुरू होतो, आणि आमदाराला ‘अ‍ॅन एमएलए’.

काही नामं इंग्रजी मोजतच नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ यांना ‘अ’ही लागत नाही आणि शेवटी ‘स’ही लागत नाही. आपल्याकडे सल्ले अनेक असतात. तिकडे ‘अ‍ॅडव्हाइस’ कायम एकवचनी. नद्यांना ‘द’, म्हणजे ‘द गोदावरी’. राज्याला किंवा गावाला नाही, नुसतं ‘महाराष्ट्र’, नुसतं ‘नाशिक’. असं का, याला मला पटेल असं उत्तर नाही. पाठच करायचं.

## आपण मागून जोडतो, ते पुढे ठेवतात

‘टेबलावर’, ‘घरासमोर’, ‘पावसामुळे’. मराठीत हे शब्द नामाच्या शेवटी चिकटतात. इंग्रजीत ते आधी येतात: ‘ऑन द टेबल’, ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’, ‘बिकॉज ऑफ द रेन’. यामागेही एक शिस्त आहे. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यांत असे शब्द बहुधा नामानंतर येतात. जपानी आणि तुर्की मराठीसारख्याच आहेत. क्रियापद कर्माच्या आधी आलं की हे शब्दही बहुधा आधी येतात. म्हणून लांबलचक इंग्रजी वाक्य समजून घेताना ते मागून पुढे वाचल्यासारखं वाटतं.

‘काल आलेला मुलगा’ हेही उलटं होतं: ‘द बॉय हू केम यस्टरडे.’ आणि इथे आपली एक चांगली सवय आड येते. मराठी सांधे जोडीने लावते: जो–तो, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. इंग्रजीला सहसा एकच सांधा पुरतो. ‘तो श्रीमंत असला तरी पण दुःखी आहे’ असं मनात धरून ‘ऑलदो ही इज रिच, बट ही इज अनहॅपी’ लिहिलं जातं. ‘ऑलदो’ आणि ‘बट’ यांतला एकच ठेवायचा. तसंच ‘पाऊस पडला तर’ याचं ‘इफ इट विल रेन’ करू नका. भविष्याची गोष्ट असूनही ‘इफ’नंतर वर्तमान येतो: ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.’

आदराचाही हिशेब वेगळा आहे. ‘पाणी दे’ आणि ‘पाणी द्या’ हा फरक आपण क्रियापदात करतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ आणि एकच ‘गिव्ह’, म्हणून नुसतं ‘गिव्ह मी वॉटर’ हुकूम वाटतो. तिथे आदर प्रश्नाच्या रूपात येतो: ‘कुड यू गिव्ह मी सम वॉटर?’ मराठी माणूस उद्धट वाटतो अशी तक्रार कधी ऐकू आली, तर त्यामागे बरेचदा हे ‘कुड’ नसणं असतं.

## ‘लहान मूल कुठे व्याकरण शिकतं?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अर्धा खरा आहे. मूल नियम शिकत नाही, पण ते वर्षानुवर्षं दिवसभर तीच भाषा ऐकतं, चुकतं, आणि घरातले प्रेमाने सुधारतात. नोकरी करून संध्याकाळी अर्धा तास अभ्यासाला बसणाऱ्याकडे तेवढे तास नाहीत. त्याच्यासाठी थोडं व्याकरण हाच जवळचा रस्ता. थोडं म्हणतोय, ऐकणं आणि बोलणं बाजूला ठेवून नुसते नियम केले, तर दहावीनंतरची ती गत होते.

## ‘मराठीतून विचार करणं बंद करा म्हणतात’

मला हा सल्ला निरुपयोगी वाटतो. विचार बंद करण्याचं बटण नसतं. वर आलेल्या चुका पुन्हा पाहा: प्रत्येकीमागे मराठीचा एखादा अगदी शहाणा नियम उभा आहे. तो ओळखता आला की इंग्रजी नेमकी कुठे वेगळी वळते तेही दिसतं. आणि खरं तर आपण शाळेत जे मराठी व्याकरण शिकतो तेही इंग्रजीला भेटून आलेलं आहे. प्राचीन काळी संस्कृत शब्दांचा अभ्यास करणाऱ्या यास्काने शब्दांचे चार प्रकार सांगितले होते: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्यय). शब्दांच्या आठ जाती ही मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या मराठी व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रुळली. नाम, सर्वनाम, विशेषण येत असेल तर ‘नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह’ तुम्हाला आधीच येतं.

## ‘मग इतके अपवाद कसे?’

‘गो’चं ‘वेन्ट’ कसं झालं? ‘वेन्ट’ हा मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ होता, तो ‘गो’ने उचलला. वाकडी रूपं सहसा रोजच्या वापरातल्या शब्दांचीच असतात: जाणं, येणं, खाणं, देणं, असणं. सतत कानावर पडतात म्हणून ती टिकली. क्वचित वापरले जाणारे शब्द बरेचदा सरळ झाले. नवा शब्द आला की तो बहुतेक नियमानेच चालतो, जसं ‘गूगल’चं ‘गूगल्ड’. वाकडी रूपं शंभर-दीडशे केली की रोजचा व्यवहार भागतो.

दुसरी गोष्ट, इंग्रजीला मालक नाही. फ्रेंचसाठी १६३५ पासून अकादमी आहे. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले. इंग्रजीत असा दरबार कधीच बसला नाही. वाक्य ‘विथ’ किंवा ‘फॉर’सारख्या शब्दावर संपवू नये, असे काही ‘नियम’ लॅटिनच्या नमुन्यावरून आले आणि पुस्तकांतून पुस्तकांत गेले. चांगले लेखक ते सर्रास मोडतात. ते मोडले म्हणून मार्क कापणारे शिक्षक अजून आहेत, एवढंच त्यांचं आयुष्य.

## ‘आपलं भारतीय इंग्रजी चूक आहे का?’

‘मीटिंग प्रीपोन करा’, म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घ्या, हे भारतात रुळलं आणि त्यात काही वावगं नाही. उपयोगी शब्द आहे, इंग्रजी कोशांनीही घेतला. ‘आउट ऑफ स्टेशन’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं. पण ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘सिन्स टेन इयर्स’ परीक्षेत, परदेशी अर्जात, मुलाखतीत खटकतं. पुण्याचा माणूस कोल्हापुरात बोलताना जेवढं तारतम्य ठेवतो तेवढं इथेही ठेवावं. ऑफिसातल्या चहाच्या टपरीवर कुणी ‘हॅविंग’ म्हटलं तर दुरुस्त करायला जाऊ नका, लोक बोलायचे थांबतात.

## सुरुवात कुठून?

आधी तीन खुर्च्यांची साधी वाक्यं, मग ‘मला’चं ‘आय’, मग ‘डू, डज, डिड’चे प्रश्न. यांवर दोन-तीन महिने काढले तरी हरकत नाही. त्यानंतर ‘हॅव’, मग ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. ‘द’ शेवटी. पॅसिव्ह वाचताना ओळखता आला तरी पुष्कळ. प्रत्येक गोष्टीची पाच वाक्यं आपल्याच आयुष्यातली करायची, आपल्या दुकानाची, शेताची, पोरांची. पुस्तकातल्या ‘मिस्टर ब्राउन’ची करायची नाहीत.

वाचनासाठी इंग्रजी पेपर लावत असाल तर बातमी वाचा, मथळ्यावरून व्याकरण शिकू नका. जागा वाचवायला मथळ्यात ‘अ’ आणि ‘द’ गाळतात, ‘इज’ आणि ‘आर’ उडवतात, काल घडलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात आणि उद्याच्या गोष्टीला ‘टू’ लावतात. ‘सीएम टू व्हिजिट नागपूर’ हे पेपरात बरोबर आहे, तुमच्या अर्जात नाही.